त्या गाण्याला बॉक्स लागतच नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कबड्डीच्या सामन्यांत वाजणाऱ्या 'वी विल रॉक यू' या इंग्रजी गाण्यावरून आपल्या वाचकपत्रांत सध्या दोन तट पडले आहेत. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं, की मातीतल्या खेळात हे विदेशी थेर कशाला, डफडं वाजवा. त्यावर एका तरुण वाचकाचं उत्तर आलं, की या गाण्याचा गायक पाचगणीच्या शाळेत शिकलेला, म्हणजे गाणं आपलंच झालं. दोन्ही पत्रं मी दुकानात बसून नीट वाचली. आर्वी तालुक्यात माझी साउंड सर्व्हिस आहे. हिवाळ्यात आसपासच्या गावांत कबड्डीचे सामने भरले, की बॉक्स, मिक्सर आणि माइक बहुतेक ठिकाणी माझे असतात. म्हणजे ज्या थेरांबद्दल मुख्याध्यापक लिहितात, त्यांचं बटण दाबणारा माणूस मी. तेव्हा दोन शब्द माझेही छापावेत. पत्र लांबलं आहे. कात्री चालवायचीच झाली तर माझ्या धंद्याच्या बढाईवर चालवावी, गाण्याच्या माहितीला हात लावू नये.

आधी पाचगणीचं निकालात काढतो. फ्रेडी मर्क्युरी हे त्या गायकाचं पुढे घेतलेलं नाव. घरचं नाव फारोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारला पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. घराणं मुळात गुजरातेतल्या वलसाडकडचं. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातलं. तिथं तो पियानो शिकला, वर्गातल्या पोरांना घेऊन 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि हे कुटुंब इंग्लंडला गेलं. तरुण वाचकाचं म्हणणं इथपर्यंत सोळा आणे खरं आहे. पण हे गाणं फ्रेडीनं लिहिलेलंच नाही. ते लिहिलं त्याच्याच 'क्वीन' या बँडमधल्या ब्रायन मे नावाच्या गिटारवाल्यानं. फ्रेडीनं लिहिलं ते त्याचं जोडीदार गाणं, 'वी आर द चॅम्पियन्स'. ऑक्टोबर १९७७ मध्ये दोन्ही गाणी एकाच रेकॉर्डवर आली आणि आजही जोडीनंच वाजतात. तेव्हा गायकाचा शाळेचा दाखला दाखवून गाणं आपलं ठरवायचं असेल, तर ते आपलं नव्हेच. आपलं असेल तर दुसऱ्या कारणानं.

ते कारण मला कसं कळलं ते सांगतो. माझा धंदा अहुजाचा एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे एवढ्यावर सुरू झाला. लग्नं, भागवत सप्ताह, निवडणुकीची रिक्षा, जे येईल ते. एका लग्नात वराकडचा एक पाहुणा पुण्याहून आला होता. तो जाताना एक कॅसेट माझ्या पेटीत विसरून गेला. डब्यावर एका अवाढव्य लोखंडी माणसाचं चित्र, त्याच्या पंज्यात मेलेली माणसं, बोटाला रक्त. (हे चित्र फ्रँक केली फ्रीस या अमेरिकन चित्रकाराच्या १९५३ सालच्या चित्रावरून केलेलं आहे, हे पुष्कळ पुढे समजलं.) 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे त्या कॅसेटचं नाव, आणि पहिलंच गाणं हे. दोन वेळा धप्, एक टाळी, आणि मग काहीच नाही. परत धप्, धप्, टाळी. ढोल नाही, ताशा नाही, बेस नाही. एक माणूस त्यावर ओरडल्यासारखं गातो, शेवटी गिटारचा एक तुकडा फिरत फिरत येतो आणि मधेच तुटतो. दोन मिनिटांत खेळ खलास. माझा तेव्हाचा हेल्पर म्हणाला, "काय वाजवून रायला बे, दळण कांडून रायले का कोणी?"

कांडणाशी त्याचा संबंध नसला, तरी पायांशी होता. मे १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड या गावी बिंगले हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम झाला. बिंगले हॉल म्हणजे काही नाट्यगृह नव्हे. त्या जिल्ह्याची शेतीची आणि जनावरांची प्रदर्शनं जिथं भरतात, त्या मैदानावरचा तो मोठा हॉल. कार्यक्रम संपून बँड आत गेला, तरी लोक हलेनात. उलट फुटबॉलच्या मैदानावर म्हणायचं एक गाणं सगळ्यांनी मिळून बँडलाच म्हणून दाखवलं. ब्रायन मेच्या डोक्यातून ते जाईना. त्यानं पुढे मुलाखतींमध्ये सांगितलं आहे, की इतक्या दाटीत उभ्या असलेल्या माणसाला करण्यासारखं काय असतं, याचा तो विचार करत होता. माणूस पाय आपटू शकतो, टाळी वाजवू शकतो आणि गाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तेव्हा ठेका डोक्यात तयार होता.

मुख्याध्यापक सरांनी एवढी एकच गोष्ट लक्षात घ्यावी. जगात बहुतेक गाणी वाजवणाऱ्यांनी वाजवायची आणि ऐकणाऱ्यांनी ऐकायची म्हणून तयार होतात. हे गाणं ऐकणाऱ्यांनी वाजवावं म्हणून तयार झालं. त्यात ढोल नाहीत, कारण ढोलाची जागा लोकांसाठी मोकळी सोडली आहे.

रेकॉर्डिंग झालं उत्तर लंडनमध्ये, वेसेक्स स्टुडिओत. ती मुळात चर्चची जुनी इमारत. तिथं जुन्या फळ्या पडलेल्या होत्या, त्या रचल्या आणि त्यावर बँडवाल्यांनी पाय आपटले. पण मूठभर माणसांचे पाय म्हणजे गर्दी नव्हे. मग तेच आवाज पुन्हा पुन्हा एकमेकांवर चढवले आणि प्रत्येकाला थोडाथोडा उशीर दिला. हा ब्रायन मे साधा गिटारवाला नाही. त्याचा मूळ अभ्यास खगोलशास्त्राचा. बँडपायी पीएचडी अर्धवट राहिली होती, ती त्यानं २००७ साली इंपीरियल कॉलेजात पुरी केली, विषय सूर्याभोवतीची धूळ. तर या माणसानं उशिराचे आकडे मूळ संख्यांच्या हिशेबानं ठरवले, म्हणजे एका आवाजाचा दुसऱ्याशी मेळ बसून घुमारा होऊ नये. ऐकणाऱ्याला वाटावं, की कोणी जवळ उभा आहे, कोणी लांब, आणि सगळे मिळून पाय आपटताहेत.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. कारण उशिराचं हे गणित आमच्या धंद्यात रोजचं आहे. सप्त्याचा मंडप लांब असला, की मागच्या लोकांसाठी मागे बॉक्स लावावे लागतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. त्यामुळं समोरच्या बॉक्सचा शब्द मागे पोचेपर्यंत मागचा बॉक्स तोच शब्द कधीच बोलून मोकळा झालेला असतो, आणि महाराजांचं एकच वाक्य लोकांना दोनदा ऐकू येतं. मग मिक्सरवरून मागच्या बॉक्सला डिले द्यायचा आणि दोन्ही आवाज जुळवायचे. आम्ही लांबचा माणूस जवळ आणायला डिले वापरतो. त्यानं जवळची चार माणसं लांब-लांब पसरवायला वापरला. आमच्या इथल्या आयटीआय झालेल्या पोरांनाही मी हे सांगतो. गणित कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्याला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

त्याची गिटारही अशीच. त्यानं आणि त्याच्या वडिलांनी ती घरी बनवली. मधली दांडी एका जुन्या शेकोटीच्या कमानीवरच्या लाकडाची, तारा हलवायच्या यंत्रणेत मोटारसायकलच्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. ही गिटार तो सहा पेनीच्या नाण्यानं वाजवतो. आपल्याकडच्या एखाद्या वेल्डिंगवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, मग त्यात काय एवढं. मलाही तेच वाटतं, आणि म्हणूनच तो माणूस मला आवडतो.

आता शब्दांचं. मुख्याध्यापक सरांनी लिहिलं आहे, की हे 'जिंकल्याचा माज दाखवणारं' गाणं आहे. तसं वाटतं खरं, कारण ओळखीची असते ती फक्त धृपदाची एक ओळ. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींकडून मी तिन्ही कडवी समजून घेतली. पहिल्यात एक पोरगा आहे, रस्त्यावर खेळणारा, दंगा करणारा, डबा लाथाडत हिंडणारा. मोठेपणी कोणीतरी होणार म्हणतो, पण आत्ता त्याच्या तोंडाला चिखल लागलेला. दुसऱ्यात तोच वयात आलेला गडी आहे, रस्त्यावर उतरून ओरडणारा, जग अंगावर घेईन म्हणणारा. त्याच्या तोंडाला रक्त लागलंय. तिसऱ्यात तो म्हातारा झालाय, गरीबच राहिलाय, डोळ्यांनी विनवणी करतोय की आता जरा शांतता लाभू दे. त्याच्या तोंडाला पुन्हा चिखल. यात जिंकलेला माणूस कुठं आहे? माज करायला त्या म्हाताऱ्याकडे आहे तरी काय? तोंडाला चिखल लागलेल्या माणसाभोवती गर्दी पाय आपटते आहे. ती त्याला चिडवते आहे की उठवते आहे, हे गाणं सांगत नाही.

आमच्या भागात ही तिन्ही माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. पहिला दर सामन्यात मैदानाच्या चुन्याच्या रेषेवर पाय देऊन पंचाची बोलणी खातो. दुसरा पहाटे पोलीस भरतीसाठी रस्त्यावर धावतो आणि संध्याकाळी चढाईला जातो. तिसरा ट्रॉलीला टेकून बसतो, तोंडात खर्रा, आणि पूर्वी आपण कशी पकड करायचो ते शेजारच्याला सांगतो. त्यानं कापसाचा विषय काढला, की शेजारचा उठून जातो.

हे गाणं जगभर कसं पसरलं याच्या सगळ्या कथा सांगत बसत नाही. अमेरिकेत बेसबॉल, आइस हॉकी, बास्केटबॉल, कुठल्याही मैदानावर ते वाजतं. त्याच्या नावाचं संगीत नाटक लंडनच्या डोमिनियन थिएटरात २००२ ते २०१४ अशी बारा वर्षं चाललं. एक मात्र सांगायलाच हवं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा समारोप आठवतो? फ्रेडी जाऊन तेव्हा वीस वर्षं उलटली होती. तो २४ नोव्हेंबर १९९१ लाच गेला. मैदानातल्या पडद्यावर त्याची जुनी फिल्म लावली. त्यात तो तोंडानं एक तान घेतो आणि समोरच्या लोकांनी ती परत म्हणायची. अख्खं स्टेडियम त्याला उत्तर देत होतं. मग ब्रायन मे आणि ढोलवाला रॉजर टेलर मंचावर आले, जेसी जे ही गायिका आली आणि हेच गाणं झालं. मी ते घरी टीव्हीवर पाहिलं. आईनं विचारलं, "हा पडद्यावरचा कोन व्हय?" म्हटलं, मेलाय तो. तर म्हणाली, "मंग हे एवढे लोकं कोनाच्या मागं म्हनून रायले?"

आईला हे नवं वाटायला नको होतं. तिच्या सासऱ्याच्या पिढीनं हे पाहिलं आहे. आमच्या गावापासून वर्धा नदी ओलांडली की तिवसा तालुका, आणि तिथं मोझरी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम. महाराज गेले १९६८ साली, पण गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत खंजिरी अजून वाजते. माझे वडील भजन मंडळात खंजिरी वाजवायचे. मला वाजवता आली नाही, म्हणून मी भोंगे लावायला लागलो, असं ते हसून सांगत. खंजिरीच्या भजनात पुढचा माणूस एक ओळ टाकतो आणि मागचे ती उचलतात. मागच्यांनी उचललीच नाही, तर पुढचा कितीही गोड गळ्याचा असो, भजन पडलं. पोळ्याच्या झडत्यांचं तेच. एकानं झडती म्हणायची आणि 'हर बोला'ला सगळ्या तोरणाखालच्या माणसांनी 'हर हर महादेव' म्हणून गाव दणाणून सोडायचं. लोकांनी मिळून गाण्याची ताकद काय असते हे इंग्रज सरकारला आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूर पेटलं, त्याच वर्षी भजनं म्हणणाऱ्या महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं.

मी तुकडोजी महाराजांची आणि क्वीनची बरोबरी करत नाही, उगाच कोणी निषेधाचं पत्रक काढू नये. एकाचं काम समाजाचं, दुसऱ्याचं करमणुकीचं. पण समोर बसलेल्या माणसाच्या हाताला आणि तोंडाला काम द्यायचं, ही कारागिरी दोघांकडे आहे. ती आम्हा विदर्भातल्या लोकांना कोणी विलायतेहून शिकवायला नको. म्हणून वर लिहिलं, की गाणं आपलं असेल तर दुसऱ्या कारणानं.

आता माझ्या धंद्याकडे येतो, आणि इथं मी मुख्याध्यापक सरांच्या बाजूचा आहे. सामन्यांत वाजतं ते हे गाणं नव्हेच. वाजतो तो त्याचा रिमिक्स. मूळ गाण्यात जिथं लोकांसाठी जागा सोडलेली होती, तिथं डीजेवाल्यांनी ढुम-ढुम भरून टाकलं आहे. आयोजक मंडळाची पोरं येतात आणि म्हणतात, भाऊ, बेस वाढवा, छाती हादरली पाहिजे. वाढवतो. छाती हादरते, घरांचे पत्रे थरथरतात, गोठ्यातली जनावरं दावं ओढतात. आणि मैदानाभोवतीची माणसं? ती उभी असतात. बॉक्सच्या आवाजात माणसाला स्वतःची टाळी ऐकू येत नाही. स्वतःची टाळी ऐकू आली नाही, की तो ती वाजवायचं थांबवतो आणि खिशातून मोबाइल काढतो. मिक्सरवर बसून मी हे इतक्या सामन्यांत पाहिलं आहे, की यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये.

डफड्याचं सरांचं दुखणंही खरं आहे. आमच्यासारख्यांच्या बॉक्सनी डफडेवाल्यांच्या सुपाऱ्या खाल्ल्या. पूर्वी सामन्याला एक डफडं आणि एक सनई ठरलेली असे. चढाई करणारा रेषेकडे परत झेपावला, की डफडेवाला त्याच्या पायांबरोबर हात जलद करायचा. तो खेळ पाहून वाजवायचा. माझा पेन ड्राइव्ह खेळ पाहत नाही.

गेल्या पौषातली एक रात्र सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण वेळेच्या नियमाचा प्रश्न होता. ग्रामपंचायतीच्या पटांगणात दोन दिवसांचे सामने. मैदानावर दिवसभर पाणी मारून माती बसवलेली, चुन्याच्या रेषा, चार कोपऱ्यांत हॅलोजन. बसायला स्टँड वगैरे नाही. तिन्ही बाजूंनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावलेल्या आणि त्यात माणसं भरलेली. चौथ्या बाजूला घरांचे ओटे, तिथं बाया आणि पोरी, अंगावर सोलापुरी चादरी. मागे तुऱ्हाट्यांची शेकोटी. सामने उशिरा सुरू झाले, म्हणून फायनलला रात्रीचे दहा वाजले. बीट जमादार आले, आणि त्यांनी घड्याळ दाखवलं. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालापासूनचा नियम आहे, त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मी मेन फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची मिक्सरवरची दांडी, खाली ओढला आणि बॉक्सची वायर काढून ठेवली. आयोजक पोरांचे चेहरे पडले. "आता काय मजा बाप्पा," एक जण म्हणाला, "मयतावानी वाटीन."

पाच-सात मिनिटं वाटलंही तसंच. पंचाची शिट्टी, चढाई करणाऱ्याचा 'कबड्डी कबड्डी'चा दम, मातीवर पडणाऱ्या अंगाचा आवाज. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत तो दम मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. मग ट्रॉलीच्या काठावर पाय सोडून बसलेल्या पोरांपैकी कोणीतरी टाचा फाळक्यावर आपटल्या. धप्, धप्. टाळी. शेजारच्यानं धरलं. मग ट्रॉलीत उभे असलेले मोठे गडी पत्र्यावर पाय आपटायला लागले, आणि ट्रॉलीचा रिकामा पत्रा कसा वाजतो ते ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक. समोरच्या ट्रॉलीनं उचललं, तिसरीनं उचललं. ओट्यावरच्या बाया पाय आपटत नव्हत्या, पण टाळी बरोबर टाळीवर येत होती, बांगड्यांसकट. इंग्रजी शब्द एकाच्याही तोंडात नव्हता. टाळीनंतर जी एक मात्रा मोकळी राहते ना, त्या मोकळ्या मात्रेत लोक चढाई करणाऱ्या पोराचं नाव टाकत होते. धप्, धप्, टाळी, नाव. प्रत्येक चढाईला नाव बदलायचं, आणि ते कोणी कोणाला सांगत नव्हतं.

पलीकडची ट्रॉली माझ्यापासून शंभरेक फुटांवर असेल. तिचा धप् माझ्या जवळच्या ट्रॉलीच्या धप्पेक्षा सेकंदाच्या दहाव्या-अकराव्या हिश्शानं मागं येत होता. ओट्यांची टाळी त्याच्या अल्याड. कोणाचंच कोणाशी तंतोतंत जुळत नव्हतं आणि सगळं मिळून एक होत होतं. १९७७ साली वेसेक्स स्टुडिओत डोकं लढवून, आकडेमोड करून जे तयार केलं होतं, ते माझ्यासमोर फुकटात चाललं होतं. त्याला ना डिले लागला, ना मिक्सर. मी वायर गुंडाळत उभा होतो आणि माझी तिथं कोणालाही गरज नव्हती. धंदेवाल्या माणसाला हे फार सुखाचं नसतं, पण छान वाटलं हे कबूल करतो.

शेवटच्या मिनिटाला यजमान गाव दोन गुणांनी मागं होतं. बारीक अंगाचा एक पोरगा चढाईला गेला, बोनस घेतला आणि परत येताना कोपऱ्यातल्या गड्यानं घोटा धरला. पोरगा तोंडावर आपटला, हात लांबवला, मधल्या रेषेला वीतभर कमी पडला. सामना गेला. तोंड भरून ओली माती. पाय आपटणं थांबलं नाही. पाहुण्या गावच्या ट्रॉलीनंही त्याचंच नाव घेतलं. गुरुजींनी समजावलेली कडवी मला तेव्हा पहिल्यांदा उमगली.

जमादारांनी काही हरकत घेतली नाही. पाय आपटण्याला परवाना लागत नाही, असं ते चहा घेताना म्हणाले. मात्र सामने वेळेत सुरू करा, म्हणजे माझ्यावर ही पाळी येणार नाही, हेही म्हणाले, आणि ते रास्त आहे. ज्या घरात परीक्षेची पोरं किंवा आजारी माणूस आहे, त्यांना ट्रॉलीचा पत्राही बॉक्सइतकाच जड जातो.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. मुख्याध्यापक सरांनी या गाण्यावर राग धरू नये, आमच्यावर धरावा, तो योग्य ठिकाणी पडेल. तरुण मित्रानं पाचगणीचा दाखला कपाटात ठेवावा आणि पुढच्या सामन्याला ट्रॉलीत येऊन बसावं. आयोजक मंडळांनी बॉक्स समालोचनापुरते ठेवावेत, आवाज मैदानापुरता. डफडेवाल्याला पुन्हा बोलवावं आणि त्याला नीट बिदागी द्यावी, उपकार केल्यासारखी नव्हे. आणि हे गाणं लावायची वेळ आली, चढाई रंगली, की साउंडवाल्यानं फेडर खाली ओढावा. लोक सुरू करतील. नाही केलं तर पोरांना एकदा फाळक्यावर टाचा आपटून दाखवाव्यात, पुढचं ते बघतात.

माझ्या पेन ड्राइव्हमधून तो रिमिक्स मी काढून टाकला आहे. मूळ गाणं ठेवलं आहे, पण ते दुकानात ऐकायला. यंदाच्या सुपाऱ्या घेताना आयोजकांना मी हे सगळं आधीच सांगतो आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, की बॉक्स बंद राहिले तेवढ्या वेळाचं भाडं कापणार का. इथं जाहीर लिहून ठेवतो, कापणार नाही.

आपला,
एक साउंड सर्व्हिसवाला
ता. आर्वी, जि. वर्धा
(नाव छापू नये ही विनंती. बाकीचे साउंडवाले माझे सोयरे आहेत.)